आजीचा दिवा

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

नवरात्रात तुळजापूरला दर्शनाच्या रांगेतून गाभाऱ्यासमोर आलीस तरी मनात काहीच हलले नाही, म्हणजे आपली श्रद्धा संपली का, असे तू फोनवर विचारलेस. तेव्हा मला उत्तर सुचले नाही. चार दिवस विचार करून आता लिहितो आहे.

गणेश विसर्जनाची रात्र उलटून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपले माळवदाचे घर बसले आणि तुझा धाकटा काका त्याखाली गेला. देवाने घरादाराच्या रक्षणाची हमी दिली आहे, एवढीच आजीची श्रद्धा असती, तर ती त्या पहाटेच मोडली असती. आणि श्रद्धा म्हणजे भक्तीचा उमाळा असता, तर तोही आटला होता, कारण पत्र्याच्या शेडमधल्या त्या महिन्यांत देवासमोर तिच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले नाही. तरीही मदतीत आलेल्या एका डब्याच्या झाकणात ती रोज संध्याकाळी वात लावायची. मी रागाने विचारले, तेव्हा म्हणाली, "बरं वाटतं म्हणून नाही लावत. मी त्याची हाय, म्हणून लावते."

आपण कुणाचे आहोत याची ही खात्री होती. उद्या काय घडेल, याच्याशी तिचा संबंध नव्हता. देवाचा कोप झाला असे काही जण म्हणत, ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही: जमिनीखालचा खडक सरकला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर धाब्याचे ओझे, झोपलेल्या माणसांवर कोसळले. अशा गोष्टींची खात्री तपासूनच करावी लागते. तिथे श्रद्धेला साक्षीला बोलावू नये.

मग भावनेला काहीच मोल नाही का? तेरच्या गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, मडकी थापटायच्या थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी तपासली, ती कथा तू लहानपणी माझ्याकडूनच ऐकलीस. नरसीच्या नामदेवांइतका उत्कट भाव त्या संतमेळ्यात क्वचितच कुणाचा असेल, तरी थापटणे डोक्यावर बसताच ते रागावले आणि कच्चे मडके ठरले. पुढे औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला. त्यानंतरही नामदेव कीर्तनात नाचतच राहिले, हे मला त्या कथेत सर्वांत मोलाचे वाटते, कारण भाजल्यावरही मडक्यातली माती तीच असते.

म्हणून त्या रांगेतल्या तुझ्या कोरडेपणाची मला काळजी वाटत नाही. रडू आले असते, तरी श्रद्धा आहे एवढ्यावरून मी म्हटले नसते. तू कुणाची आहेस, हे मात्र मी सांगू शकत नाही. ते तुलाच पाहावे लागेल.

ते झाकण आजीच्या ट्रंकेत अजून आहे, काजळी धरलेले. दिवाळीला येशील तेव्हा काढून ठेवतो.

तुझे बाबा