बरणीचं तोंड मोजून ठेव

खानापूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर चार वेळा सांगायला गेले आणि चारही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. बाबा, मी नोकरी सोडली. मला कुणी काढलं नाही, कुणाशी भांडणही झालं नाही. गेल्या महिन्यात राजीनामा दिला, हिशेब पुरा करून घेतला, आणि इथे रस्त्यालगत पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन विजेची भट्टी बसवली. कप, वाट्या, दह्याची भांडी, लोणच्याच्या बरण्या करते. शोकेसमध्ये ठेवायचं काही करत नाही. रोज हाताळायचं, घासायचं, पुन्हा फळीवर पालथं घालायचं, असंच करायचं ठरवलंय.

तुम्हाला न विचारता केलं, ते टोचतंय. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, बाबा. नुसते गप्प बसला असता, आणि मग माझं पाऊल उचललं नसतं. वखारीतली तंबाखूची धूळ खाऊन तुम्ही मला एम.कॉम. केलंत. ते वाया गेलेलं नाही हो. कर्जाचे सगळे कागद मी स्वतः केले. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेतून आठ लाखांचा प्रकल्प आहे. त्यात बाईला स्वतःचे पाच टक्केच घालावे लागतात, म्हणजे ४० हजार. खेड्यात उद्योग काढला तर अनुदान ३५ टक्के, शहरात २५. म्हणून बेळगावात न राहता इकडे आले. अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत अडकून राहते, मग कर्जात वळती होते. तोवर हप्ते भरायचेच, आणि सहा महिन्यांचे मी आधीच बाजूला काढलेत. आईच्या पाटल्यांना हात लावलेला नाही, लावणारही नाही. दादाच्या वेळचं पुन्हा होऊ देणार नाही.

शेडला लागूनच खोली आहे, न्हाणी-संडास आत, पाण्याला चोवीस तास टाकी. शेजारच्या काकू सकाळी भाकऱ्या थापतात, त्यातल्या दोन माझ्या. भट्टी रात्री चालू असली तर मदतीची बाई सोबतीला थांबते. एकटी नसते मी.

आई, बेंदराचे बैल आठवतात का? माझ्या बैलांची शिंगं सुकताना तडकायची आणि तू पदराचं टोक भिजवून ती सांधायचीस. ‘घाईनं वाळवलंस की फुटणारच,’ म्हणायचीस. पहिल्या भट्टीत नेमकं तेच झालं. इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. वरून कोरडे दिसणारे कप आतून ओलेच होते, ४० पैकी २२ फुटले. त्या रात्री तुझी फार आठवण आली गं. आता हाताला गार लागला की कप भट्टीत घालतच नाही, मग आठवडा गेला तरी चालेल.

बाबा, किल्ल्यासाठी वखारीतली फाटकी पोती तुम्हीच आणायचात, चिखलात बुडवून. आणि आठवीत असताना इथल्या खादी-ग्रामोद्योगाच्या कुंभारकाम केंद्रात तुम्हीच नेलंत. चाकापाशी मी तासभर हलले नाही, निपाणीची बस चुकली, तरी तुम्ही रागावला नाहीत. तेव्हाच लागलंय हे मला. तुम्ही लावलंत, असं म्हणत नाही, पण थोडंसं म्हणतेच.

बरण्यांना तांबडी माती चालत नाही, मोठ्या आचेला ती बसून जाते. म्हणून पांढरी माती बाहेरून आणते आणि १२०० अंशांच्या वर भाजते. मग पाणी झिरपत नाही. लोणच्यात मीठ-आंबट असतं, म्हणून झिलईत शिसं अजिबात घेत नाही. तुझ्या हातचं लोणचं जिच्यात घालता येणार नाही, ती बरणी मी विकायची नाही.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी चहाच्या आधी घ्यायची, ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करायची नाही. माळ्यावर चढायचं नाही. आई, गुडघ्याचं तेल कपाटात ठेवून गुण येत नाही, लाव. दिवाळीनंतर दोघं चार दिवस इकडे या. आई, आधार कार्ड घेऊन कर्नाटकच्याच साध्या बसमध्ये बस, तुझं तिकीट फुकट आहे. महाराष्ट्राच्या एसटीत चढशील तर ते चालणार नाही. बाबांचं तिकीट मी देईन. रागावलेले असलात तरी या.

एक काम आहे. आजीच्या बरणीचं झाकण, माझ्या हातून फुटलेलं, मी करून देणार आहे. ओली माती भाजून होईपर्यंत आठाची सात होते, म्हणून माप नेमकं हवं. फोनवर आकडा सांगू नकोस. बरणीच्या तोंडाभोवती, आतल्या कडेला, दोरा फिरव, जिथे जुळतो तिथे दोन गाठी मार आणि पाकिटात घालून पाठव. दोरा बाबांना धरायला सांग, तू एकटी ताणशील आणि सैल पडेल.

तुमची,
सुमी