नळाची पाळी ठरवताना आरोग्य खात्यालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की खान्देशातल्या गावागावांत एकच मागणी सुरू होते : धुरळणी करा. मशीन गल्लीत येते, फोटो निघतात, लोकांना काहीतरी झाल्याचे समाधान वाटते. माझी आरोग्य खात्यातली बहुतेक नोकरी घरोघरी टाक्या, रांजण आणि ड्रम बॅटरीच्या उजेडात तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, धुराने उडते डास मरतात, पण पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही. चार-सहा दिवसांत त्यांचे डास होतात आणि पुन्हा धुरळणीची मागणी येते. डेंग्यूचे मूळ आपल्याकडे नळाच्या पाळीत आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारीत वाढत नाही, त्याला घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा, असे खाते सांगते ते याच हिशेबाने. भांडी नुसती पालथी करूनही भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. म्हणून टाकी आतून घासावी लागते.

आता हा सल्ला आपल्या गावांत नेऊन बघा. उन्हाळ्यात आणि पाऊस लांबला तर जुलैतही अनेक ठिकाणी नळाला आठव्या, दहाव्या दिवशी पाणी येते. येते तेही कधी पहाटे, कधी रात्री अकराला. घरात असेल-नसेल ते भांडे भरले जाते. अळ्या दाखवून ‘हे पाणी ओता’ म्हटले की बायाबापड्यांचा एकच प्रश्न असायचा : “भाऊ, पानी आठ रोजमा येस, ते बी फेकी देऊ का?” या प्रश्नाला आमच्या पत्रकात उत्तर नव्हते. आम्ही अबेट या अळीनाशक औषधाचे थेंब टाकायचो, हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचो आणि पुढच्या घरी जायचो. अहवालात मात्र ‘नागरिकांचे सहकार्य मिळत नाही’ असे वाक्य जायचे. ते वाक्य त्या बायांवर अन्याय करणारे होते आणि आजही आहे. सहा-सात माणसांच्या घरात आठ दिवसांचे पाणी साठवणे हा निष्काळजीपणा नव्हे. पाण्याचे वेळापत्रकच त्यांना साठवायला लावते.

म्हणूनच सार्वजनिक आरोग्य म्हणजे नेमके काय, हे धोरण ठरवणाऱ्यांनी एकदा स्पष्ट करावे. सी. ई. ए. विन्स्लो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९२० मध्ये त्याची व्याख्या केली. समाजाच्या संघटित प्रयत्नांतून रोग टाळणे, आयुष्य वाढवणे आणि आरोग्य सुधारणे, असा तिचा आशय आहे. परिसराची स्वच्छता त्यांनी त्यात ठळकपणे घेतली होती. त्यात दवाखाना येतो, पण तो एक भाग म्हणून. आपल्याकडे सगळी चर्चा दवाखान्यावरच सुरू होते आणि तिथेच थांबते : किती खाटा, किती डॉक्टर, प्लेटलेट मिळतात की नाही. हे सगळे हवेच. परंतु डेंग्यूवर थेट विषाणू मारणारे औषध आजही नाही. रुग्ण खाटेवर येतो तेव्हा टाळण्याची वेळ निघून गेलेली असते आणि शेतमजुराच्या घरात उधारी सुरू झालेली असते.

आपल्या कायद्यांत ही दृष्टी आहे. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यायच्या विषयांत पाचवा विषय पाणीपुरवठा आणि सहावा सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता असा आहे. कागदावर हे दोन विषय शेजारी आहेत. प्रत्यक्षात मी नोकरीत असताना पाणीपुरवठ्याचे अभियंता आणि हिवताप विभागाचे कर्मचारी एका टेबलाशी बसलेले पाहिले ते साथ पसरल्यावर आणि वरून फोन आल्यावरच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे म्हटले होते. पैसा वाढावा, यात दुमत नाही. पण व्हॉल्व्ह कोणत्या दिवशी उघडायचा, हे ठरवायला वेगळा निधी लागत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नगरपालिकेने प्रत्येक भागाची पाण्याची पाळी आधी जाहीर करावी आणि ती पाळावी. उद्या पाणी नक्की येणार, हे माहीत असेल तर माणूस आदल्या संध्याकाळी टाकी रिकामी करून घासतो. येणार की नाही याची शाश्वती नसेल, तर तळाचे पाणीही तो जपून ठेवतो. कोरडा दिवस साऱ्या गावाला एकच वार ठरवून देऊ नये. ज्या भागाची पाळी ज्या दिवशी, त्या भागाचा कोरडा दिवस त्याच दिवशी धरावा आणि आशाताई व आरोग्य सेवकांच्या फेऱ्या त्याला जोडाव्यात. पाळी सात दिवसांच्या पुढे न्यायची असेल, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे लेखी मत घेतल्याशिवाय नेऊ नये. टंचाईत पाळी वाढवण्याशिवाय इलाज नसतो, हे मला कळते. धरणात पाणी नसेल तर अभियंता तरी काय करणार? अशा वेळी निदान हौदांना जाळी, ड्रमला घट्ट झाकणे आणि गप्पी मासे आधी पोहोचावेत, ताप सुरू झाल्यावर नव्हे.

कोणत्या भागात किती घरांत अळ्या सापडल्या, हे आकडे दर आठवड्याला तयार होतात आणि फायलीत जातात. ते पाण्याच्या पाळीच्या तक्त्याशेजारी नगरपालिकेच्या फलकावर लावावेत, म्हणजे दोन्हींचा संबंध नागरिकांना स्वतः पाहता येईल. जुलै हा डेंग्यू प्रतिरोध महिना असतो. पाण्याचे नियोजन त्याआधी होते, तेव्हा आरोग्य खात्याला त्या बैठकीचे पत्र मे महिन्यातच जायला हवे.

– एक निवृत्त आरोग्य सहायक, जि. जळगाव