सर्दीला अँटिबायोटिक कशाला?

मा. संपादक,
स.न.

लहान मुलांच्या लठ्ठपणावर आपल्या पेपरात अधूनमधून छापून येतं, त्यात चिप्स, बिस्किटं, मोबाईल यांच्यावर खापर फोडलेलं असतं. ते बरोबरच आहे, पण पोटातल्या जंतूंबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून हे पत्र.

पहिली दोन-तीन वर्षं बाळाच्या आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती बसत असते. आईच्या दुधातल्या काही साखरी बाळाला पचतच नाहीत, त्यांच्यावर बायफिडोबॅक्टेरिया नावाचे जंतू पोसले जातात, म्हणजे आई बाळालाही पाजते आणि त्यांनाही. आणि आपण काय करतो, तर नाक वाहायला लागलं की मेडिकलमध्ये जाऊन "मागच्या वेळचं तेच सिरप द्या". अहो सर्दी व्हायरसने होते, अँटिबायोटिकचा तिथे काडीचा उपयोग नाही, मरतात ते पोटातले बिचारे जंतू.

अमेरिकेत कोंबड्या-डुकरांचं वजन लवकर वाढावं म्हणून खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक द्यायची पद्धत कित्येक वर्षं होती. मग मुलांचं काय होत असेल, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या डॉ. मार्टिन ब्लेझर यांना पडला. त्यांच्या टीमने उंदरांच्या पिल्लांना अगदी जन्मापासून पेनिसिलिनचा बारीक डोस दिला, तो काही आठवड्यांत बंद केला, जंतू परत पूर्ववतही झाले, तरी ते उंदीर पुढे मोठेपणी जाड झालेच (हे २०१४ मध्ये छापून आलं). म्हणजे सगळा प्रश्न वयाचा आहे! मुलांवर असा प्रयोग करता येत नाही, नुसत्या नोंदी तपासता येतात, त्यात लहानपणी जास्त अँटिबायोटिक घेतलेल्यांत दमा, ॲलर्जी आणि वजन थोडं जास्त दिसतं. कारण तेच, असं अजून ठामपणे म्हणता येत नाही, पण विनाकारण औषध पाजू नये एवढं कळायला तेवढं पुरे आहे.

न्यूमोनियात हीच औषधं जीव वाचवतात, तेव्हा डॉक्टरांनी दिलेला डोस कुणी मनाने बंद करू नका प्लीज. माझी तक्रार चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बाटलीबद्दल आहे. मुलांना सर्रास दिलं जाणारं सेफिक्झिम हे अँटिबायोटिक २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी औषध-यादीत आहे, म्हणजे चिठ्ठी हवीच, शिवाय दुकानदाराने डॉक्टर आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं जपायचं असतं. आमच्या भागात मी तरी कुणाला ते लिहिताना पाहिलेलं नाही.

आपल्या बातमीदारांनी अन्न व औषध प्रशासनाकडून एवढी माहिती मिळवावी, की वर्षभरात कुठल्या जिल्ह्यात किती दुकानांची ही रजिस्टरं तपासली आणि किती जणांवर कारवाई झाली, आणि ते आकडे जिल्हावार छापावेत ही विनंती.

आपली,
एक वाचक आणि आई, पुणे