हरभरे शिजवू नका, भिजवा

लातूर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. परवा तू फोनवर म्हणालास, पोरगं दुबईहून सुट्टीला आलंय अन् फलाफलच (तेच ते हरभऱ्याचे अरबी तळलेले गोळे) पाहिजे म्हणून बसलंय; वहिनींनी काबुली हरभरे कुकरला लावले, गोळे केले आणि कढईत सगळा भुगा झाला. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हरभरे शिजवायचेच नाहीत. सगळी गोम इथंच आहे. कच्च्या हरभऱ्यातला स्टार्च तेलात तापला की फुगतो, चिकटतो आणि गोळा धरून ठेवतो. कुकरमध्ये तो आधीच पाणी पिऊन फुगलेला असतो. मग कढईत धरून ठेवायला उरतं काय? त्यात बेसन घालून आळलं तर गोळा टिकतो, पण तो भज्याच्या वाटेला जातो, आतून गच्च. आपल्या आया भिजवलेली डाळ जाडसर वाटून वडे करत आल्यात, तोच हात इथं चालवायचा.

पाव किलो काबुली भरपूर पाण्यात १२ ते १८ तास भिजव. दुपटीहून जास्त फुगतात, म्हणून पातेलं मोठं घे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी आंबतं, तेव्हा एकदोनदा बदल, नाहीतर फ्रिजमध्येच ठेव. मग निथळून पंचावर पसरून चांगले कोरडे होऊ दे. ओल राहिली तर गोळे सुटतात. तुझ्या रानातला जॅकी ९२१८ हा देशी हरभरासुद्धा चालेल, मात्र त्याचं साल जाड, त्याला पुरते २४ तास दे. रंग जरा काळपट येईल, चव मला तरी जास्त आवडते.

मिक्सर थांबत थांबत फिरव. जाड रव्यासारखं झालं की पुरे. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण बोटांना कण लागले पाहिजेत. हरभऱ्याबरोबरच कांदा, लसूण, जिरं, धने आणि कोथिंबीर घाल, कोथिंबीर अगदी हात सैल सोडून. अरबांकडं पार्सली ही कोथिंबिरीसारखी पालाभाजीही घालतात, ती आपल्या बाजारात कुठली मिळायला! पण इजिप्तमध्ये शेपूही घालतात, आणि शेपूला आपल्याकडं काय तोटा? तिथं याला तामिया म्हणतात, तो हरभऱ्याचा नसून बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) डाळीचा असतो, वरून तीळ लावलेला. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती उपवासात तो खातात. आपल्या आजीला हरभऱ्याच्या जातीचं काही उपवासाला चालतं हे पटलंच नसतं.

वाटण तासभर फ्रिजमध्ये ठेव. मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा तळायच्या वेळीच घाल. गोळे सुपारीहून मोठे, लिंबाहून लहान. घाण्याचं करडईचं तेल तळायला घेऊ नकोस, ते लवकर धुरावतं. रिफाइंड शेंगदाण्याचं घे. चिमूटभर वाटण टाकलं की लगेच बुडबुडे येत वर आलं पाहिजे. आधी एकच गोळा तळून बघ. फुटलाच तर वाटणात चमचाभर बेसन घाल, त्याहून जास्त नको. तीनचार मिनिटांत वरून तपकिरी होतो, आणि मोडला की आत हिरवागार, भुसभुशीत, वाफ सुटलेली.

ताहिनीसाठी, म्हणजे सोबतच्या तिळाच्या चटणीसाठी, बाहेर कुठं जाऊ नकोस. पांढरे तीळ मंद आचेवर नुसते गरम कर, लाल करायचे नाहीत, कडवट होतात. थोडं तेल घालून मिक्सरमध्ये गुळगुळीत वाट. त्यात लसूण, मीठ आणि लिंबू पिळलं की ते एकदम घट्ट होतं. वहिनींना सांग, बिघडलं म्हणून टाकून देऊ नका. थंड पाणी चमच्याचमच्यानं घालत घोटत राहायचं. बघता बघता सैल होऊन पांढरंशुभ्र होतं.

पिटा, म्हणजे तो अरबी पोकळ पाव, नसला तर अडत नाही. ताज्या जवारीच्या भाकरीचा पापुद्रा सुटतो, तो अलगद उचलून आत दोन फलाफल दडप, वर काकडी, कांदा, टोमॅटो आणि ताहिनीची धार. दुबईत राहिलेल्या पोराला हे एकदा खाऊ घालच. मला विचारशील तर पिट्यापेक्षा भाकरीच सरस, कारण जवारीचा गोडवा तिळाला धरून असतो.

पुढच्या शनिवारी अंबाजोगाईला येतोय, पोरगं जायच्या आत. शुक्रवारी दुपारीच हरभरे भिजत घाल, बाकी आपण मिळून करू. शेपूची जुडी मी घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती