सही आधी, फीचा आकडा नंतर

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या शहर पुरवणीत एका मुलाला आईवडील पेढा भरवतायत असा फोटो आला होता, अमेरिकेतल्या नामांकित युनिव्हर्सिटीत अर्ली डिसिजनमधून निवड. मुलाचं मनापासून अभिनंदन, त्याच्या मेहनतीबद्दल मला काही म्हणायचंच नाहीये. पण त्याच पानावर खाली एका कन्सल्टन्सीची जाहिरात होती, "अर्ली डिसिजन घ्या, चान्स तिप्पट करा", आणि ती वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरात हे सगळं नुकतंच होऊन गेलंय, आणि वरून मी बँकेत लोन डिपार्टमेंटला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या भानगडीला सगळे ईडी म्हणतात (मी फॅमिली ग्रुपवर "आज पहाटे ईडी" एवढंच टाकलं तर नणंदेचा घाबरून फोन आला, काय झालं गं, भाऊजी ठीक आहेत ना). बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत फॉर्म, डिसेंबरच्या मध्याला रिझल्ट. ईडीचा फॉर्म एकाच युनिव्हर्सिटीला टाकता येतो, आणि निवड झाली तर तिथेच जायचं, बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे, असं लिहून द्यावं लागतं. खाली तीन सह्या, मुलाची, पालकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची. आमच्या ज्युनियर कॉलेजात काउन्सेलर वगैरे काही नाही, म्हणून उपप्राचार्यांकडे तीन चकरा मारल्या, त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि विचारलं, "बॉन्ड आहे का हा मॅडम? मग स्टॅम्प पेपर कुठाय?" त्या वेळी मी हसले. पण मुद्द्याचा प्रश्न अख्ख्या तीन महिन्यांत त्यांनी एकट्यानेच विचारला होता. मागे फिरलं तर कोर्टात कोणी खेचत नाही हे खरं, पण शाळेचं नाव खराब होतं आणि पुढच्या मुलांना त्याचा फटका बसू शकतो.

आता फीचं सांगते. अशा युनिव्हर्सिटीत राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास किंवा वरच जातो, म्हणजे आपले पाऊण कोटीच्या पुढे, चार वर्षांचे तीन कोटी धरा. यातले आपल्याला किती भरावे लागणार ते सही करताना माहीत नसतं! युनिव्हर्सिटी जी आर्थिक मदत देते तिचा आकडा निवडीबरोबर येतो. अंदाजासाठी वेबसाइटवर कॅल्क्युलेटर असतो पण तो बहुतेक ठिकाणी अमेरिकन कुटुंबांसाठीच. मी रोज लोकांना कर्ज देते, पाच लाखांचं पर्सनल लोन असलं तरी आधी की फॅक्ट स्टेटमेंट हातात द्यावं लागतं, व्याज किती, चार्जेस किती, एकूण परतफेड किती, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि तीच मी, तीन कोटींच्या कागदावर आकडा न बघता सही करून मोकळी झाले, कारण मुलगा शेजारी उभा होता आणि डेडलाइन रात्रीची होती.

मदत पुरेशी नसेल तर सुटता येतं, ही सोय आहे, नाही म्हणत नाही. पण पुरेशी म्हणजे किती? शिवाय दुसऱ्या कुठल्या कॉलेजची ऑफर हातात नसते त्यामुळे तुलना करायला काही नसतंच. आपल्याकडे सीईटीच्या कॅप राउंडलाही पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की सीट ऑटो फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, पण तिथे निदान आपले पर्सेंटाइल माहीत असतात, गेल्या वर्षीचा कटऑफ माहीत असतो, कॉलेजची फी आधीच ठरलेली असते. इथे यातलं काहीच नाही आणि फ्रीज मात्र पक्का.

"चान्स तिप्पट" हे गणित कुठून येतं तेही बघितलं. ब्राउन युनिव्हर्सिटीचे आकडे जाहीर आहेत, २०२५ मध्ये आत गेलेल्या बॅचसाठी अर्ली डिसिजनला ५,०४८ अर्ज आले आणि ९०६ घेतले, म्हणजे १८ टक्के. एकूण मात्र ४२,७६५ अर्जांतून २,४१८ म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. अर्ली वजा केले तर उरलेल्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवर येतं. म्हणजे तिप्पट कसलं, साडेचारपट दिसतं! पण त्या अर्ली ढिगात खेळाडू असतात ज्यांना कोचने आधीच हेरून ठेवलेलं असतं, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि मुळात ज्यांना फीची फिकीर नाही अशी घरं जास्त. त्यांचा चान्स आपल्या पोराला कसा लागू होईल? थोडाफार फायदा होतो हे मान्य, युनिव्हर्सिटीला तर दुप्पट फायदा, निम्मा वर्ग डिसेंबरातच भरून निघतो आणि घेतलेला मुलगा दुसरीकडे जाईल ही भीतीच नाही.

आमच्या पुण्याच्या काउन्सेलरने (नाव लिहीत नाही, भांडायचं नाहीये) दिलेला सल्ला तर सगळ्यांनी ऐकावा असा आहे. म्हणे मदत मागूच नका, आधी सीट घ्या, मग बघू. म्हटलं मग म्हणजे कधी? घरी येऊन मीच वेबसाइटी वाचत बसले तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने अर्जातच मदत मागितली नसेल तर नंतर मागताच येत नाही. आणि मागितली तर बहुतेक युनिव्हर्सिटी निवड करताना ते बघतात. न बघणाऱ्या मोजक्याच, जसं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, आणि आता ब्राउनसुद्धा. हे त्या बाईंना माहीत नसेल असं मला वाटत नाही. आम्ही मदतीचा रकाना भरला, त्या नाराज झाल्या.

तिकडेही सगळे यावर खूश आहेत असं नाही. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने लवकर प्रवेशाची पद्धत बंद करतोय म्हणून जाहीर केलं होतं, आधीच सुस्थितीत असलेल्यांनाच त्याचा फायदा होतो म्हणून, पण बाकीचे मागे आले नाहीत आणि २०११ मध्ये दोघांनी पुन्हा सुरू केली (बंधन नसलेली, एवढं बरं). ऑगस्ट २०२५ मध्ये तर ३२ कॉलेजांवर तिथल्या फेडरल कोर्टात दावा दाखल झालाय, की ईडीमुळे कॉलेजांमधली स्पर्धाच संपते आणि फी चढी राहते.

आमचा रिझल्ट पहाटे साडेपाचला होता, तिकडे संध्याकाळचे सात. नाशिकची डिसेंबरातली थंडी, सासरे कानटोपी घालून सोफ्यावर, मी चहा टाकलेला. मुलाने पोर्टल उघडलं, वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. डिफर्ड. सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे पास का नापास?" तो म्हणाला, आजोबा, दोन्ही नाही, पुन्हा मार्चमध्ये बघणार. ते म्हणाले, "मग आरएसी म्हण ना!" तेवढ्यात चहा उतू गेला.

खरं सांगू का, मला आधी हायसं वाटलं, कारण डिफर झालं की ते बंधन सुटतं. हे मी मुलाला अजून सांगितलेलं नाही, छापलंत तर वाचेलच. त्यानंतरचे पंधरा दिवस त्याने बाकीच्या कॉलेजांचे निबंध लिहिण्यात घालवले, कारण ईडीच्या भरवशावर त्यातले एक-दोनच तयार होते.

तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा बातमीदाराला सांगा की मदत किती मिळाली आणि सही कधी केली तेही विचारून घे, दोन ओळी लागतील. आणि ती जाहिरात घेताना तिप्पट कशाच्या तिप्पट हेही विचारा. आमचं उत्तर मार्चअखेर येईल, तोवर सीईटीची पुस्तकं पुन्हा टेबलावर आली आहेत.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक