कपाटाची दारं काढायची आहेत

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी रागावून घ्या, मग पुढे वाचा. परवा रात्री एनीडेस्कवरून, म्हणजे इथूनच तुमचा कॉम्प्युटर चालवून, तुमचे मराठी फॉन्ट लावून दिले ना, तेव्हाच तुम्ही थांबवलेले विंडोजचे अपडेट मी परत सुरू केले. आधी विचारलं असतं तर ‘अपडेटपायी कुळवृत्तांतातली नाशिकच्या शाखेची पानं गेली’ हेच तुम्ही पुन्हा काढलं असतं. ऐन टायपिंगमध्ये मशीन रीस्टार्ट झालं की कुणाचंही डोकं फिरेल, मान्य. म्हणून ॲक्टिव्ह अवर्स सकाळी 6 ते रात्री 11 करून ठेवलेत. तेवढ्या वेळात ते आपणहून रीस्टार्ट होणार नाही. वर्डसुद्धा आता दर दोन मिनिटांनी मजकूर राखून ठेवेल. कुळवृत्तांत बिनघोर लिहा.

पण अपडेट बंद ठेवून चालत नाही हो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, हॉस्पिटलंसुद्धा ठप्प झाली. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अडकले ते बहुतेक तो न घेतलेलेच. तुमची पेन्शन, बँक, सगळं याच मशीनवर. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून तर जुनं बदललं. नवं घेऊन त्याचेही अपडेट अडवायचे?

तुम्हाला करायचं एकच. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. त्यामुळे बुधवार-गुरुवारी बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ दिसलं तर तेच दाबायचं आणि कॅबिनेटचा दिवा जाईपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. जागत बसू नका, खुशाल झोपा. स्विच सकाळी बंद केला तरी वीजबिल फारसं वाढत नाही.

आता दुसरं. दादा रविवारी येतोय आणि मशीन ठेवलेल्या टेबलाखालच्या कपाटाची दोन्ही दारं काढणार आहे. आमचं ठरलंय. धूळ जाऊ नये म्हणून तुम्ही ते मुद्दाम करून घेतलंत, सागवानी आहे, सगळं ठाऊक आहे. दारं माळ्यावर नीट गुंडाळून ठेवू, फेकणार नाही. पण बंद कपाटात पंखा आपलीच गरम हवा परत ओढतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा दुपारी ‘मशीन अडतंय’ म्हणून तुमचा फोन येतो तो याचमुळे. मागे आणि बाजूला वीतभर जागा मोकळी राहू दे.

आई, क्रोशाचं कव्हर फार सुंदर झालंय. मशीन बंद असलं की घाल. चालू असताना मात्र नको, तू घातलंस तेव्हा वरची जाळीच झाकली गेली होती.

2017 पासून सलग काही वर्षं स्वच्छतेत इंदूर देशात पहिलं आलं, पण आपल्या कॅबिनेटपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. बाजूला देवघर, पलीकडे फोडणी. उदबत्तीची राख आणि तेलकट धूर धुळीत मिसळून प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांत नमद्यासारखा थर बसतो, तो नुसता फुंकून जात नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेल त्या दिवशी खिडकी बंद आणि मशीनही बंद. गुलाल फार बारीक असतो.

बाबा, तुम्ही ट्रान्झिस्टर उघडायचात तेव्हा मला स्क्रू धरायला बसवायचात, आठवतं? आईच्या बशीत स्क्रू आणि शिंकायची बंदी! तोच मऊ ब्रश चालेल. आधी प्लग काढायचा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची; जोरात फिरली तर बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर नको, ओलं फडकं तर नकोच. हे वर्षातून दोनदा, दादा आल्यावरच. कॅबिनेट एकट्याने उचलाल तर मी तुमच्याशी बोलणार नाही. कमरेचं माहीत आहे ना?

आणि एनीडेस्कचा तो नंबर मी फोनवर असल्याशिवाय कुणालाही द्यायचा नाही. ‘बँकेतून बोलतोय’, ‘कंपनीतून बोलतोय’, कितीही गोड बोलला तरी फोन ठेवायचा. आई, हे लक्षात ठेवण्याचं काम तुझं, बाबा भिडेखातर देऊन टाकतील.

बाबांचे डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, रविवारी दादाकडून मागवून घ्या. आई, त्याच्याबरोबर माझ्यासाठी लसणाची शेव पाठव.

तुमची,
मनू