लॅबमधल्या ताईंना

ताई,

तुम्हाला न विचारता लिहितेय, म्हणून नाव घेत नाही. वयानं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असाल, तरी ताईच म्हणणार. तुमच्या दवाखान्यात डॉक्टरांना पेढे मिळतात, सिस्टरना साड्या मिळतात. काचेआड गर्भ सांभाळणारी एम्ब्रियॉलॉजिस्ट पेशंटला दिसतसुद्धा नाही.

मी तेव्हा ४१ची. आधी एका दुसऱ्या ठिकाणी आयव्हीएफ झालं होतं. चार गर्भ होते, पाचव्या दिवसापर्यंत वाढवायचं ठरलं. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ पोटात सोडायच्या दिवशी, सकाळी फोन आला, "एकही टिकला नाही, येऊ नका." आम्ही सांगलीहून निघून कराडच्या पुढे पोचलो होतो. गाडी तिथूनच वळवली. परतताना दोघांपैकी कुणी बोललं नाही.

तुमच्याकडे दोनच गर्भ झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डोक्यावरची टोपीही न काढता बाहेर आलात, बाकावर शेजारी बसलात आणि माझ्या हातातली बिलाची पावती उलटी करून गोल काढायला लागलात. पहिले दिवस गर्भ अंड्यातल्या शिदोरीवर काढतो. चार ते आठ पेशींच्या सुमारास त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात आणि त्यानंतर पुष्कळ गर्भांची वाढ थांबते. वय वाढलं की अंड्यातल्या गुणसूत्रांची गडबड वाढते, म्हणून आमच्या वयात जास्तच. (कायद्यानं बाईला पन्नाशीपर्यंत हे उपचार घेता येतात. २०२१चा कायदा आहे. अंडी कायदा वाचत नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

"दहा असते तर पाच दिवस थांबून निवडले असते," तुम्ही म्हणालात, "दोनांत काय निवडायचं?" आणि लगेच दुसरी बाजूही सांगितलीत : तिसऱ्या दिवशी आत सोडला म्हणून बिघडलेला गर्भ सुधारत नाही. थांबणारा पोटातही थांबतो, फक्त आपल्याला ते उशिरा कळतं. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, उशिरा कळलं तरी चालेल.

त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं, म्हणून दोन्ही गर्भ गोठवून उणे १९६ अंशांत गेले. पुढे इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गोळ्यांनी अस्तर ८ मिलिमीटर झालं, तारीख निघाली, ती नेमकी सर्वपित्री अमावस्या! सासूबाई अडून बसल्या. मी शरमेनं तुम्हाला फोन केला. हसाल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "प्रोजेस्टेरॉन सुरू केलंय का?" नव्हतं केलं. डॉक्टरांशी बोलून तासाभरात तुमचा फोन आला. इस्ट्रोजेनच्या गोळ्या एक दिवस जास्त घेतल्या तर बिघडत नाही. पण प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर गर्भासाठी तयार करणारं हार्मोन, सुरू झालं की घड्याळ बांधलं गेलं : तिसऱ्या दिवसाच्या गर्भाला त्याचा चौथा दिवस, पाचव्या दिवसाच्या गर्भाला सहावा. अस्तराचं दार थोडाच वेळ उघडं असतं. मग फोन आईंना द्यायला सांगितलात आणि म्हणालात, "आजी, आज हलवता येतंय म्हणून हलवते. उद्यापासून पंचांग माझं."

आई अजून ते वाक्य पाहुण्यांना ऐकवतात.

घटस्थापनेला ट्रान्सफर झाली. चौदाव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो तुम्हीच फोन करून सांगितलात. थिंक पॉझिटिव्ह वगैरे काही म्हणाला नाहीत. दोन्ही गर्भ वितळल्यावर नीट होते, आत सोडताना काही अडचण आली नव्हती, मी आराम कमी केला म्हणून हे झालेलं नाही, असं एकेक करून सांगितलंत. शेवटचं मी दोनदा वदवून घेतलं, कारण घरात तेच बोललं जाणार होतं.

पुढे काय करायचं ते आमचं अजून ठरत नाही. दुसऱ्या बाईच्या अंड्याबद्दल तुम्ही सांगितलं होतं, की गर्भाशय अंड्यांइतकं लवकर थकत नाही. ह्यांना ते पटलंय, मला अजून नाही.

दिवाळीनंतर पुण्यात येणं आहे. आईंनी तुमच्यासाठी मेतकूट करून ठेवलंय. रिसेप्शनवर ठेवते, डब्यावर "लॅब" असं लिहिलेलं असेल.